कोथरूड ते कोलंबस, व्हाया सदाशिव पेठ

वाण्याच्या हिशोबाची लांबोडकी वही आमच्या घरात अजून आहे. वाणी आता फोनवरच यादी घेतो, त्यामुळे वहीची मागची पानं कोरी राहिली होती. ऑगस्टमधल्या एका रात्री मुलं झोपल्यावर नवऱ्यानं त्यातल्या एका पानाच्या मधोमध पट्टी लावून रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘जायचं’, उजवीकडे ‘राहायचं’. मग पेनाला टोपण लावत म्हणाला, "भावनेच्या भरात काही नको. एकेक मुद्दा लिहू." हे वाक्य तो फक्त भावनेच्या भरात असतानाच बोलतो.

विषय होता कोलंबसचा. तीन वर्षं, सहकुटुंब, कंपनीच्या मुख्यालयात. उत्तर द्यायला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुदत.

कोलंबस म्हटलं की लोक ओहायोतलं समजतात. ते राजधानीचं शहर, लोकसंख्या नऊ लाख. आमचं कोलंबस इंडियाना राज्यातलं, पन्नास हजार वस्तीचं. आमच्या आतेसासूबाईंनी सगळ्या भावकीत ओहायोच सांगून ठेवलंय. खुलासा केल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे गं, ते मोठं वाटतं." दुसरा प्रकार विनोदाचा. तो बिचारा भारतात यायला निघाला आणि अमेरिकेत पोचला, तुम्ही भारतातून निघून कोलंबसातच चाललात वगैरे. हा विनोद आम्हाला आतापर्यंत चौदा जणांनी ऐकवलाय. पंधरावे तुम्ही होऊ नयेत म्हणून मीच सांगून टाकला.

पण पन्नास हजार वस्तीच्या, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावाशी कोथरूडचा संबंध काय, असं पुण्याबाहेरचाच माणूस विचारेल. १९१९ साली क्लेसी कमिन्स नावाच्या गृहस्थानं त्या गावात डिझेल इंजिनं बनवायला सुरुवात केली. हा मूळचा तिथल्या अर्विन नावाच्या सावकार घराण्याचा ड्रायव्हर. गाडी चालवता चालवता ती उघडून बघायची सवय लागली, आणि मालकानं त्या सवयीत पैसे घातले. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर त्या कंपनीनं कोथरूडला कारखाना काढला. १९९१ साली कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, त्यालाही तेच नाव. त्यामुळे ‘कमिन्स’ हा आमच्या भागातला रिक्षावाल्यांचा शब्द आहे. म्हात्रे पूल, कर्वे पुतळा, कमिन्स. हे कुणाचं तरी आडनाव असेल, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी, लग्नाच्या बोलणीत कळलं. भावी सासरे कमिन्समध्ये होते. भावी नवराही नुकताच तिथेच चिकटला होता. मी विचारलं होतं, "शिकवता का?"

माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी सरळ करते. व्हिसाचे कागद वाचले तेव्हा कळलं, की नवऱ्याची बदली कंपनीतल्या कंपनीत असल्यानं बायकोलाही तिथे काम करायची मुभा असते. मराठी शुद्धलेखनाला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत काय मागणी असेल, याबद्दल कागदांत काही नव्हतं. ‘माझं काम सुटेल’ हा मुद्दा मी लगेच ‘राहायचं’खाली लिहिला. नवरा म्हणाला, "पण तुझी सगळी कामं पीडीएफवरच येतात ना? गेली पाच वर्षं तू एकाही प्रकाशकाच्या पायऱ्या चढलेली नाहीस." मी मुद्दा खोडला. माणसानं इतकं लक्ष ठेवू नये.

त्याच कागदांत कुटुंब म्हणजे काय, तेही सांगितलेलं होतं. नवरा, बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं. सासूबाई पाहुण्या म्हणून येऊ शकत होत्या. एका वेळी फार तर सहा महिने, तेही विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ते वाचून आम्ही पान उलटलं.

सासूबाईंचं वय पंचाहत्तर. कोथरूडच्याच शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. दुपारी मी प्रुफं काढून बसले की समोर बसून भाजी निवडतात आणि उलट्या बाजूनं माझ्या खुणा वाचतात. ‘हे काढा’ची शेपटीवाली खूण, खोडलेलं पुन्हा ठेवायचं असेल तर खाली द्यायचे ठिपके, आणि शब्द राहून गेला असेल तिथे ओळीखाली काढायचं काकपद. काकपद त्यांना फार आवडलं. "कावळ्याचा पाय! म्हणजे इथे कुणीतरी यायचंय, असंच ना?" मी म्हटलं, "यायचं होतं, राहून गेलं." "तेच ते," असं म्हणून त्या मेथीकडे वळल्या.

तर वही. पंधरा दिवसांत ‘जायचं’खाली अकरा मुद्दे झाले आणि ‘राहायचं’खाली तेवीस. पगाराचं गणित नवऱ्यानं वेगळं, एक्सेलमध्ये मांडलं. त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, आणि वहीतही ‘पैसे’ हा शब्द आम्ही इतक्या बारीक अक्षरात लिहिला की तो डागासारखा दिसतो. मुलांचं शिक्षण, स्वच्छ हवा, ‘अनुभव’ (हे नवऱ्याचं), आणि घर ते ऑफिस दहा मिनिटं. आत्ता त्याला चांदणी चौकातून बालेवाडीला जायला पाऊण तास लागतो. नवा पूल झाल्यावर आम्हाला वाटलं होतं की वेळ वाचेल. तो पूल ओलांडण्यात जातो.

उजवीकडची यादी माझ्या अक्षरात आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर. टेकडी. सवाई गंधर्व. शेजार. कोपऱ्यावरचे डॉक्टर. ताजी भाजी. पाऊस. मुलांचं मराठी. ‘कुणीही न सांगता घरी येऊ शकतं.’ हा शेवटचा मुद्दा लिहिताना माझे डोळे भरून आले होते. खरं तर आमच्या घरी न सांगता कुणी आलं की मी पलंगावरचे धुतलेले कपडे उचलून बाथरूममध्ये नेऊन टाकते आणि मनातल्या मनात त्या माणसाच्या संस्कारांबद्दल बोलते. पण ते वेगळं.

मुलांनाही विचारलं. धाकटा तिसरीत आहे. त्यानं एकच प्रश्न केला. "तिथे कुत्रा पाळता येईल?" येईल म्हटल्यावर तो दप्तर भरायला गेला. मुलगी नववीत. तिनं लोकसंख्या विचारली, फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "आई, अमेरिकेचा एक माजी उपराष्ट्राध्यक्ष त्या गावात जन्मला होता." "मग छानच की." "आणि तिथून निघून गेला," ती म्हणाली.

मग नवऱ्यानं एक सिनेमा आणला. त्या गावावर, त्याच नावाचा, कोगोनाडा या दिग्दर्शकाचा २०१७ सालचा सिनेमा आहे. म्हणाला, गाव आधी बघून तर घेऊ. त्यात एक मुलगी आणि एक परगावचा माणूस इमारतींसमोर उभे राहून हळू आवाजात बोलतात. मग दुसऱ्या इमारतीसमोर जातात. मुलीला पुढे शिकायला गाव सोडून जायचंय, पण आईपायी तिचा पाय निघत नाही. सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या. म्हणाल्या, "चांगला आहे. पण सिनेमात इतकी कमी माणसं परवडतात कशी?" नवरा म्हणाला, "आई, गावच तसं आहे." त्या दिवसापासून मुलगी जेवताना मुद्दाम खिडकीबाहेर बघत हळू आवाजात भाजी मागू लागली.

पण इमारतींचं काय आहे, हे मी नंतर शोधून वाचलं, आणि माझा त्या गावाबद्दलचा आकस थोडा कमी झाला. जे. अर्विन मिलर हे त्या सावकार घराण्यातलेच. पुढे कंपनी त्यांनीच मोठी केली. पन्नासच्या दशकात गावात मुलं वाढली, शाळा अपुऱ्या पडू लागल्या आणि नव्या शाळा घाईघाईत, कशाबशा उभ्या राहू लागल्या. तेव्हा मिलर यांनी गावाला सांगितलं, की आम्ही देऊ त्या यादीतला उत्तम वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कंपनीचं प्रतिष्ठान भरेल. १९५७ सालची हॅरी वीझ यांची प्राथमिक शाळा ही त्यातली पहिली. मग शाळांवर शाळा, अग्निशमन केंद्र, अशी रांगच लागली. यामागे गावाचं प्रेम होतंच, पण एक रोकडी काळजीही होती. चांगले इंजिनिअर एवढ्याशा गावात यावेत कसे, आणि आले तर त्यांच्या बायकामुलांनी टिकावं कसं?

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. म्हणजे आम्ही वाण्याच्या वहीत जो प्रश्न घेऊन बसलो होतो, तो त्या गावानं सत्तर वर्षांपूर्वीच स्वतःला विचारला होता, आणि उत्तर म्हणून शाळा बांधल्या होत्या. माझ्यासारख्या कुणा बाईला गाव पसंत पडावं म्हणून कुणीतरी इतका खर्च केला होता. आमच्या सोसायटीनं लिफ्ट दुरुस्त करायला आठ महिने घेतले.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी शाळा नव्हती बांधली बाई."

मग त्यांनी सांगितलं ते मी तुकड्यातुकड्यांनी आधी ऐकलेलं होतं, पण सलग कधी नाही. लग्न होऊन सासूबाई सदाशिव पेठेतल्या वाड्यात आल्या त्या १९७२ साली. माहेरही पेठेतलंच. खाली उतरलं की तुळशीबाग, मंडई, दवाखाना, बहीण, सगळं पायाखाली. आणि १९७५ साली सासऱ्यांनी कोथरूडला घर घ्यायचं काढलं. तेव्हाचं कोथरूड म्हणजे शेतं, बागा आणि मधे मधे बंगले. सासूबाईंच्या आईनं पदर डोळ्यांना लावला होता, पोरीला रानात नेतायत म्हणून. बसचा भरवसा नाही, संध्याकाळनंतर डॉक्टर नाही, रात्री कोल्हे ओरडतात. सासूबाईंनी न जाण्याची बारा कारणं सांगितली. सासऱ्यांकडे एकच होतं. "सायकलनं कारखाना दहा मिनिटांवर."

"मग?"

"मग काय, आलो."

"वाईट वाटायचं?"

"पहिली दोन वर्षं रोज. मग शाळेत नोकरी लागली, मग हा झाला. वेळ कुठे होता?" एक किडका दाणा त्यांनी बाजूला टाकला. "माझ्या सासूबाई नाही आल्या. त्या वाड्यातच राहिल्या, धाकट्या भाऊजींकडे. आम्ही दर रविवारी जायचो." थोड्या वेळानं म्हणाल्या, "रविवारी जाता यायचं."

सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे पेठ सोडून त्या ज्या रानात आल्या, तिथेच आज आम्ही ‘राहायचं’खाली तेवीस मुद्दे लिहिले होते. त्यातला एक ‘सगळं हाताशी’ असा होता.

दिवाळी आटोपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, कंपनीनं आम्हा दोघांना पाच दिवस गाव बघायला पाठवलं. मुलं सासूबाईंकडे. फराळाचा डबा सामानात. इंडियानापोलिसच्या विमानतळावरून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. दोन्हीकडे कापलेला मका, सोयाबीनची मोकळी शेतं, आणि जमीन अशी सपाट की कुणीतरी पोळपाटावर लाटणं फिरवून ठेवलं असावं. गावात शिरताना लाल रंगाचे पूल. दुसऱ्या दिवशी नवरा मीटिंगला गेला आणि मी एकटी वॉशिंग्टन स्ट्रीटवर फिरायला निघाले. दुपारी बारा वाजता माझीच पावलं मला ऐकू येत होती. पावलं वाजतात हे पुण्यात मी विसरलेच होते.

रस्ता ओलांडायची पंचाईत झाली. आपण घोळक्यानं ओलांडतो. घोळका जमेपर्यंत थांबतो आणि मग सगळे मिळून देवाचं नाव घेतो. इथे घोळक्याला माणसंच नाहीत. मी कडेला उभी राहिले. एक गाडी येऊन थांबली. मी ती जायची वाट बघू लागले. ती माझी वाट बघू लागली. आत एक आजोबा हसून हातानं ‘जा जा’ करत होते. मला वाटलं काहीतरी विचारतायत, म्हणून मी जवळ गेले. त्यांनी काच खाली केली. शेवटी आम्ही हवापाण्यावर दोन मिनिटं बोललो, मागे दुसरी गाडी येऊन थांबली, तिनं हॉर्न वाजवला नाही, आणि मी रस्ता ओलांडला. गावात बस आहे, आणि तिचं नावच कोलंबस आहे. लिहिताना ‘बस’ तेवढं मोठ्या अक्षरांत काढतात. कोटी करायची संधी नगरपालिकेनं आपणहून साधलेली पाहून मला पेठेची आठवण झाली.

इमारती पाहिल्या. एलियल सारिनेन यांचं १९४२ सालचं चर्च, त्याचा १६६ फुटी मनोरा, साधा, चौकोनी, वर कळस नाही काही नाही. त्यांच्या मुलाची, एरो सारिनेनची, १९५४ सालची बँक, काचेच्या भिंतींची आणि ठेंगणी. पैसे ठेवायची जागा इतकी उघडी पाहून मला उगाच काळजी वाटली. आता तिथे बँक नाही, सभागृह आहे. आय. एम. पेई यांचं वाचनालय, आणि त्याच्या अंगणात हेन्री मूरची ब्राँझची वीस फुटी कमान. एक मुलगा सायकलवरून तिच्या आतून येत-जात होता. मी फोटो काढून घरी पाठवला. सासूबाईंचं उत्तर आलं, ‘दार छान आहे. घर कुठे आहे?’

वाचनालयात मात्र मी दोन तास बसले. ऊन विटांच्या भिंतीवरून हळूहळू सरकत होतं. मराठी पुस्तक एकही दिसलं नाही. ‘राहायचं’खाली लिहायला एक मुद्दा मिळाला म्हणून मी फोन काढला, आणि लिहिता लिहिता आठवलं की आमच्या घराजवळच्या वाचनालयाची वर्गणी मी दोन वर्षं भरलेली नाही.

संध्याकाळी आम्ही ओळखीच्या ओळखीतून एका मराठी घरी गेलो. ती नाशिकची, तो सांगलीचा, अकरा वर्षं त्या गावात. फराळाचा डबा उघडल्यावर तिनं आधी चकली मोडून आवाज ऐकला आणि मग खाल्ली. दिवाणखान्यात सर्वांत जास्त उजेडाच्या खिडकीपाशी, सोफा बाजूला सारून, कढीपत्त्याची कुंडी ठेवलेली. ऑक्टोबर लागला की कुंडी आत येते, मे महिन्यात बाहेर जाते. मधे तिला रात्री थंडी वाजू नये म्हणून वेगळा दिवा. तिच्या पानांचे लाड बघून माझ्या मनात आलं, कोथरूडला भाजीवाल्यानं कोथिंबिरीबरोबर फुकट टाकलेला कढीपत्ता मी कित्येकदा पिशवीतच वाळवलाय. तिच्या भारतातल्या मैत्रिणी फोनवर आधी मुलांची चौकशी करतात, इथल्या आधी झाडाची. "एका वर्षी गेलं होतं माझं," ती म्हणाली, "तर तीन घरांतून रोपं आली." वाणसामानाला, गणपतीला इंडियानापोलिस, मोठी खरेदी असली तर शिकागोचं डेव्हन ॲव्हेन्यू, एका बाजूला चार तास. टेकडी? पश्चिमेला ब्राउन काउंटीत आहेत की, अर्ध्या तासावर. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

तो दिवस नेमका हॅलोविनचा. साडेसहापासून दार वाजू लागलं. भुतं, राजकन्या, एक चालतं मक्याचं कणीस. न सांगता घरी येणारी माणसं मी त्या गावात पाहिली ती एवढीच, आणि त्यांनाही संध्याकाळचे दोन-तीन तास ठरवून दिलेले. यजमानीण चॉकलेटं वाटत होती, आणि मधेच एक छोटी चेटकीण चकली घेऊन गेली.

सातला शेजारीणबाई आल्या, साठीच्या. आम्ही गाव बघायला आलोय असं कळल्यामुळे पाय घेऊन आल्या होत्या. पाय म्हणजे त्यांच्याकडचा गोड पदार्थ. शुगर क्रीम पाय, इंडियानाची खासियत. बासुंदी आटवून कणकेच्या वाटीत घालून भाजली तर जे होईल ते. इंडियानाच्या माणसांना ‘हूजियर’ म्हणतात. हा शब्द आला कुठून, असं मी सवयीनं विचारलं. बाईंनी चार व्युत्पत्ती सांगितल्या आणि म्हणाल्या, यातली एकही खरी नसेल. मला त्या आवडल्या. साडेसातला मांडीवर थाप मारून "चला, निघते" म्हणाल्या. पावणेआठला उठल्या. दारात उभं राहून त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सुनेचा स्वभाव. आठला पायरीवर, पावसाचं मान. सव्वाआठला अंगणाच्या टोकाशी, आमच्या मुलांची नावं, त्यांचे अर्थ. यजमानीण माझ्या कानात म्हणाली, "या भागात असंच असतं. निघायला तासभर लागतो." मला अचानक फार घरच्यासारखं वाटलं. आमच्या सगळ्या खऱ्या गप्पा चपला घातल्यावरच सुरू होतात.

घरी फोन करायची वेळ आम्ही ठरवून ठेवली होती. तिथले रात्रीचे नऊ, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. चार दिवस नीट चाललं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात. इंडियाना राज्य हा खेळ २००६ पासून सगळीकडे सारखा खेळतं. त्याआधी कुठल्या भागात किती वाजले हे म्हणे तिथल्यांनाही सांगता येत नसे. आम्ही आमच्या नऊ वाजता फोन लावला. पुण्यात साडेसात झाले होते. पहिल्याच रिंगला सासूबाईंनी उचलला.

"आई, चहा झाला?"

"गार झाला."

नवऱ्यानं घड्याळाची भानगड समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "असं होय. तुमचं मागे गेलं. बरं." मग मुलांनी गणिताची वही हरवल्याचं सांगितलं आणि बोलणं संपलं.

परतीच्या विमानात आम्ही यादीबद्दल बोललो नाही. नवऱ्यानं एक सिनेमा पाहिला, मी एका कादंबरीची प्रुफं काढली. अबूधाबीला विमान बदलताना तो म्हणाला, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुला?" तो म्हणाला, "मला वाटतं जावं. आणि मला वाटतं नको." मी म्हटलं, "पानावर दोनच रकाने आहेत." तो म्हणाला, "रेघ मीच मारली ना."

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. पाहते तर पानभर लाल पेन.

माझ्याच पेनानं, माझ्याच खुणांनी, सासूबाईंनी यादीचं मुद्रितशोधन करून ठेवलं होतं. शिक्षिकेचं अक्षर, ठाशीव. ‘नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर’ला शेपटीवाली खूण, समासात ‘शेवटचं नाटक कोणतं?’ ‘टेकडी’ला खूण, समासात ‘डॉक्टरांनी सांगूनही नाही.’ ‘सवाई गंधर्व’ला ‘स्वेटर मिळत नाही म्हणून परत आलात.’ ‘शेजार’ला ‘समोरच्यांचं आडनाव लिहा.’ ‘ताजी भाजी’ला ‘फ्रीज उघडून पाहा.’ ‘न सांगता कुणीही येऊ शकतं’ या वाक्याखाली काहीच नव्हतं, फक्त एक उद्गारचिन्ह. ‘पाऊस’ मी एकदा खोडला होता, तिथेही पडतो म्हणून. त्याच्याखाली त्यांनी ठिपके दिले होते. राहू द्या.

डावीकडेही सोडलं नव्हतं. ‘अनुभव’पुढे ‘कसला?’ ‘मुलांचं शिक्षण’पुढे ‘शिकणारी कुठेही शिकतात.’ ‘घर ते ऑफिस दहा मिनिटं’ला बरोबरची खूण, आणि बाजूला सासऱ्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. ‘पैसे’ त्यांनी खोडून परत नीट, मोठ्या अक्षरात लिहिला होता.

मी हसत हसत नवऱ्याला हाक मारली. तोही वाचून खूप हसला. तेवीस मुद्द्यांचे सहा उरले होते, अकराचे चार. "आता सोपं झालं," तो म्हणाला.

तेवढ्यात मला पानाच्या खालच्या बाजूला काहीतरी दिसलं. दोन्ही रकान्यांच्या मधे, बरोबर त्याच्या पट्टीनं मारलेल्या रेघेवर, एक काकपद होतं. नीट, रेखीव. वर शब्द नव्हता. समासातही नव्हता. मी पान उलटून मागेही पाहिलं.

"हे काय?" नवऱ्यानं वाकून बघितलं. "पेन चालतंय का ते पाहिलं असेल तिनं."

स्वयंपाकघरातून सासूबाई विचारत होत्या, चहा आत्ता टाकू की थांबू.